खाँसाहेबांनी गाणे कुठे ठेवले

दिल्लीच्या निजामुद्दीन बस्तीत शिरणारी बहुतेक माणसे हजरत निजामुद्दीन औलिया आणि अमीर खुसरो यांच्या मजारींकडे जातात आणि वाटेत एखादा गालिबच्या कबरीपाशी थांबतो. त्याच बस्तीत, त्या गर्दीपासून थोडी बाजूला, बडोद्यात जन्मलेल्या एका गवयाची, इनायत खाँ यांची, कबर आहे. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणात बसलेले निम्मे लोक युरोपीय दिसत होते. शुक्रवार होता आणि कव्वालीची तयारी चालली होती. शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंना मी सहज विचारले, तर त्या कबरीतल्या माणसाचा उल्लेख त्यांनी ‘मुर्शिद’, म्हणजे सूफी गुरू, असा केला. माझ्या तोंडून मात्र ‘खाँसाहेब’ गेले. गवयाला आपण दुसरे काय म्हणणार? एकाच माणसाच्या या दोन नावांमधले अंतर तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळते आहे, म्हणून हे लिहायला घेतले.

इनायत खाँ यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात झाला. घर आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे. हे आजोबा म्हणजे मौलाबक्ष. मराठी संगीतरसिकांना हे नाव पुसट का होईना ठाऊक असते, कारण सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८८६ साली जी गायनशाळा निघाली, तिचे ते प्रमुख होते. उत्तरेच्या गायकीत वाढलेल्या या माणसाने दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीत आत्मसात केले, म्हैसूर दरबाराकडून छत्र-चामरांचा मान मिळवला, आणि स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली. पलुसकर आणि भातखंडे यांची नावे आपण नेहमी घेतो, पण गाणे वर्गात बसवून, फळ्यावर लिहून, कुणालाही शिकवता येते हा विचार बडोद्यात त्यांच्याही आधी अमलात आला होता. ती गायनशाळा आज सूरसागर तलावाजवळच्या विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या रूपाने चालू आहे. इनायत यांचे वडील रहमत खाँ पंजाबकडचे ध्रुपदिये. मामा अलाउद्दीन यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेले. म्हणजे ध्रुपद, कर्नाटक पद्धती, लेखी स्वरलिपी आणि युरोपीय बँड हे सारे एकाच घरात नांदत होते. त्यातून गायकवाडांचा दरबार मराठी आणि गाव गुजराती. अशा घरातल्या मुलाला परक्या सुराची भीती वाटली नसेल तर नवल नाही. तरुणपणीच तो गायनशाळेत शिकवू लागला, आणि हार्मोनियम व फिडल शिकू पाहणाऱ्यांसाठी त्याने पाठ्यपुस्तकेही लिहिली. पुढे युरोपात ज्याच्यासमोर लोक डोळे मिटून बसत, त्याच्या नावावर एक पेटी शिकवणारे पुस्तक आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

मौलाबक्ष १८९६ साली वारले. त्यानंतरच्या काही वर्षांत बडोद्यातून दोन तरुण गवई दोन दिशांना गेले. एक अब्दुल करीम खाँ. ते शेवटी मिरजेला स्थिरावले, ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊ लागले, आणि १९३७ नंतर त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. मिरजेच्या उरुसातली गाण्याची बैठक आजही त्यांच्या नावाने भरते, त्यामुळे दर्गा आणि गाणे यांचे नाते मराठी श्रोत्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. दुसरे इनायत खाँ. ते हैदराबादला गेले. निजाम महबूब अली खान यांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना ‘तानसेन’ हा किताब आणि पाचूची अंगठी दिली. कोणत्याही दरबारी गवयाची कहाणी इथे सुखाने संपली असती. इनायत यांची संपली नाही, कारण त्याच शहरात त्यांना सय्यद अबू हाशिम मदनी भेटले. ते चिश्ती परंपरेचे पीर होते. १९०७ साली त्यांचे निधन होईपर्यंत इनायत त्यांच्या सान्निध्यात राहिले. आपल्या गाण्याच्या सुसंवादाने पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घाल, अशी आज्ञा गुरूंनी निरोपाच्या वेळी दिली, असे इनायत सांगत.

या आज्ञेत गाण्याचा उल्लेख स्पष्ट आहे आणि चिश्ती पीराच्या तोंडी तो असणे अगदी स्वाभाविक आहे. सूफींच्या काही परंपरा संगीतापासून अंतर राखतात, पण चिश्ती लोकांनी ‘समा’, म्हणजे भक्तीचे गाणे ऐकणे, ही उपासनाच मानली. आपल्याकडे खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य, चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनेत आलेले. त्यांना समाचे इतके वेड होते की त्यांच्या अनुयायांच्या भावावस्थेतल्या नाचाला ‘बुऱ्हानी’ असे वेगळे नाव पडले. दिल्लीहून दख्खनेत आलेली ही परंपरा हैदराबादेत एका बडोदेकर गवयाला भेटली आणि त्याला घेऊन पुढे समुद्र ओलांडून गेली, असा तो नकाशा आहे. पण मग ज्या परंपरेत गाणे हेच साधन, तिच्यातल्या या शिष्याने पुढे गाणेच सोडले, याचा अर्थ कसा लावायचा?

त्याआधी प्रवास थोडक्यात सांगतो. १३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत, धाकटे भाऊ महबूब खाँ आणि चुलतभाऊ मोहम्मद अली खाँ मुंबईहून अमेरिकेला निघाले. सर्वांत धाकटे मुशर्रफ खाँ मागाहून त्यांना मिळाले. विवेकानंद मुंबईहूनच निघाले त्याला तोवर सतरा वर्षे झाली होती, आणि ‘पूर्वेचा ज्ञानी पुरुष’ पाहायला येणारा एक वर्ग अमेरिकेत तयार झाला होता. मात्र त्या वर्गाला भाषण ऐकायचे होते. ध्रुपद ऐकायला तयार झालेला वर्ग कुठेच नव्हता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम झाला खरा, पण पोटापाण्याची सोय झाली ती रूथ सेंट डेनिस या नर्तकीमुळे. ही बाई ‘हिंदू’ नृत्ये करत असे, म्हणजे तिच्या कल्पनेतल्या भारताची नृत्ये, आणि त्यांना साथ करण्यासाठी तिने या मंडळींना आपल्या दौऱ्यावर नेले. इनायत यांनी पुढे आत्मकथनात याविषयी फार संयमाने लिहिले आहे. लोकांना ती निव्वळ करमणूक वाटत होती आणि म्हणून आपल्याला ते क्लेशाचे होते, खऱ्याची नकलेशी जोड घालणे मनाला पटत नव्हते, असा त्याचा आशय आहे. निजामाच्या अंगठीचा मानकरी एका रंगमंचीय देखाव्याचा साथीदार झाला होता. पुढे डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसमध्ये माताहारी या नर्तकीच्या नृत्यालाही याच मंडळींनी साथ केली. मॉस्कोतही त्यांचे कार्यक्रम एका रात्रीच्या करमणूकगृहात झाले.

हे सारे अपमानास्पदच होते असे मी म्हणणार नाही. पॅरिसमध्ये देब्यूसीसारख्या संगीतकाराने त्यांची वीणा कान देऊन ऐकली. मॉस्कोत टॉलस्टॉय यांचे पुत्र सर्गेई त्यांच्या मदतीला आले आणि संगीतकार स्क्रियाबिन यांच्याशी भेट झाली. तरीही आपण तंबोरे जुळवून गाणे सुरू करावे आणि समोरच्या श्रोत्याला त्यातली सम कुठे, षड्ज कोणता, हे काहीच कळू नये, ही अवस्था ज्याने एकदा तरी परमुलखात पेटी उघडली आहे त्याला कळेल. आधी समजावून सांगावे लागते. राग म्हणजे काय ते सांगा, मग तो विशिष्ट वेळी का गायचा ते सांगा, मग ती वेळ आणि मनाची अवस्था यांचा संबंध सांगा. इनायत खाँ तेच करत होते, आणि ते सांगणे लोकांना गाण्यापेक्षा जास्त भावत होते. माझा कयास असा की त्यांच्यातला शिक्षक गवयाला मागे सारून एका दिवसात पुढे आला नाही, तर दर कार्यक्रमाच्या आधीची प्रस्तावना हळूहळू लांबत गेली आणि गाणे आखडत गेले. गायनशाळेत वाढलेल्या माणसाला शिकवण्याची सवय होतीच.

सॅन फ्रान्सिस्कोत १९११ साली त्यांना पहिली शिष्या मिळाली. तिचे नाव एडा मार्टिन, पुढे राबिया मार्टिन. याच अमेरिकेच्या मुक्कामात ओरा रे बेकर ही तरुणी त्यांना भेटली. तिचा पालक असलेल्या सावत्र भावाने कडाडून विरोध केला, तरी ती त्यांच्यामागे लंडनला गेली आणि १९१३ साली त्यांचे लग्न झाले. तिचे नाव अमीना बेगम झाले. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत त्यांना मुलगी झाली, नूर. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले आणि कुटुंब लंडनमध्ये अडकून पडले. विलायत, हिदायत आणि खैरुन्निसा ही पुढची तीन मुले लंडनची. त्या वर्षांत कार्यक्रम जवळपास मिळेनासे झाले, परदेशी माणूस म्हणून संशय आणि हालअपेष्टा वाट्याला आल्या, आणि त्याच काळात त्यांच्याभोवती शिष्यांचे एक लहान मंडळ जमले. युद्ध संपल्यावर हे कुटुंब फ्रान्सला गेले आणि १९२२ पासून पॅरिसजवळच्या स्युरेन गावातले ‘फजल मंजिल’ हे त्यांचे घर झाले. दर उन्हाळ्यात तिथे युरोप-अमेरिकेतले शिष्य जमत. १९२३ साली जिनिव्हात ‘सूफी चळवळ’ ही संस्था रीतसर उभी राहिली.

त्यांच्या शिकवणीचे दोन विशेष मला नोंदवावेसे वाटतात. पहिला म्हणजे लंडनमध्ये ७ मे १९२१ रोजी सुरू झालेली सर्वधर्मीय उपासना. वेदीवर हिंदू, बौद्ध, पारशी, ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या सहा धर्मांच्या नावे एकेक मेणबत्ती, शिवाय ज्ञात-अज्ञात अशा सर्व सत्पुरुषांच्या नावे आणखी एक, आणि मग त्या त्या धर्मग्रंथातले वाचन. आज ही कल्पना सरकारी सर्वधर्म प्रार्थनेइतकी गुळगुळीत वाटू शकते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या अनुयायांचे काही लेखन वाचताना मला तसे वाटतेही. इस्लामचा पाया काढून घेतल्यावर सूफीमत उरते का, हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हापासून घेतला गेला आहे आणि तो पोकळ नाही. पण ज्याच्या आजोबांनी मुसलमान राहून त्यागराजांच्या परंपरेचे संगीत शिकले, ज्याला हिंदू राजाच्या दरबारात आणि मुसलमान राजाच्या दरबारात सारखाच मान मिळाला, त्याला हे सिद्धांत म्हणून सुचले नसावे, घरात पाहिलेले असावे. दुसरा विशेष म्हणजे ‘मुर्शिदा’ हा अधिकार त्यांनी चार स्त्रियांना दिला. १९२० च्या दशकात, आणि तोही परंपरेने पुरुषांच्याच हाती राहिलेला! आपल्या बायका-मुलांना गाणे शिकवायला कचरणारी उस्तादांची घराणी त्याच काळात हिंदुस्थानात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गाणे सोडण्याविषयी त्यांनी स्वतः जे सांगितले ते प्रसिद्ध आहे. संगीताकडून जे मिळायचे ते सगळे मिळाले म्हणून ते सोडले. ईश्वराची सेवा करायची तर सर्वांत प्रिय वस्तू अर्पण करावी लागते, आणि आपल्याला सर्वांत प्रिय संगीत होते, असे ते म्हणत. पुढे ते असेही सांगत की आता आपण वाद्यांऐवजी जीव सुरात लावतो. हे वाक्य अनेक ठिकाणी सुभाषितासारखे छापलेले आढळते आणि त्यामुळेच त्याची धार गेली आहे. तंबोरा लावणे म्हणजे काय ते आठवून ते पुन्हा वाचावे. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जव्हारीतला दोरा केसभर हलवायचा, आणि कान देऊन थांबायचे. तार तुटेल इतकी ओढायची नाही. या कामात गुरूपणाचा आव आणायला जागा नाही, कारण तार खोटे बोलत नाही. इनायत खाँ शिष्यांना श्वासाचे, जपाचे, झिक्राचे (ईश्वराच्या नामस्मरणाचे) जे अभ्यास देत त्यांची वर्णने वाचताना मला वारंवार हीच क्रिया दिसते.

याहून मोठा पुरावा त्यांच्या पुस्तकांत आहे आणि तो पाश्चात्त्य वाचकाच्या नजरेतून निसटत असावा, असे मला वाटते. त्यांच्या वचनांचे तीन संग्रह आहेत: ‘गायन’, ‘वादन’ आणि ‘नर्तन’. इंग्रजी पुस्तकांची ही नावे तिकडच्या वाचकाला गूढ पौर्वात्य शब्द वाटत असतील. आपल्याकडे संगीताच्या पहिल्या इयत्तेतल्या मुलालाही ‘गीतं वाद्यं तथा नृत्यं त्रयं संगीतमुच्यते’ पाठ असते. तीन पुस्तके शेजारी ठेवली की जो शब्द तयार होतो तो ‘संगीत’, आणि तो मात्र या तिन्हींपैकी एकाच्याही नावात नाही. ‘गायन’ १९२३ साली निघाले. त्याच्या आत वचनांचे वर्ग पाडले आहेत आणि त्यांची नावे आलाप, अलंकार, बोल, चाल, गमक, राग, सूर, ताल, तान अशी आहेत. प्रत्येकाला त्यांनी आपला अर्थ दिला आहे. ईश्वर माणसाशी बोलतो तो आलाप. मानवी जीव आपल्या प्रिय ईश्वराला साद घालतो तो राग. जीव निसर्गाशी बोलतो ती तान. विचार लयीत प्रकटतो तो ताल. एखादा विद्यार्थी या व्याख्या वाचून गोंधळेल, पण आलाप सर्वांत आधी यावा, शब्दाआधी यावा, आणि तो वरून खाली यावा, यात गवयाचा हिशेब पक्का आहे. ‘चाल’ हा शब्द तर मला बडोद्याच्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो. नाटकातल्या पदाला, अभंगाला, गरब्याला चाल लावणाऱ्या माणसांमध्ये वाढलेल्या मुलाच्याच जिभेवर तो असणार.

म्हणून माझे मत असे झाले आहे की गाणे सोडले हे खाँसाहेबांचे म्हणणे प्रांजळ असले तरी पूर्ण नाही. मैफल त्यांनी सोडली. गाण्याची चौकट उचलून त्यांनी दुसऱ्या मालाला लावली, कारण त्या बाजारात मूळ माल विकत घेणारे नव्हते आणि जे होते ते तो नकली मालाशेजारी मांडू पाहत होते. यात तोटा झालाच. त्यांची व्याख्याने शिष्यांनी लघुलिपीत टिपून घेतली, म्हणून आज त्यांचे शेकडो पानांचे गद्य उपलब्ध आहे आणि ते पुष्कळदा एकाच षड्जाभोवती फिरत राहते. बोलण्यात जे पुनरावृत्तीचे रूप घेते ते गाण्यात बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, ठरले असते. ज्या माणसाला एकच गोष्ट शंभर अंगांनी सांगायची आहे त्याला राग मिळाला पाहिजे, परिच्छेद पुरत नाही.

१९२६ च्या अखेरीस कुटुंबाला मागे ठेवून ते हिंदुस्थानात परतले. सोळा वर्षांत हे पहिलेच परतणे होते. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस. स्युरेनमध्ये अमीना बेगमने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि घराचा भार तेरा वर्षांच्या नूरवर पडला. ती पुढे वीणा आणि हार्प वाजवायला शिकली, मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची गुप्त बिनतारी संदेशवाहक म्हणून नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पोहोचली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घालण्यात आली. वडिलांनी मुंबई सोडल्याची तीच तारीख. तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, इथे ती ओझरतीच येते याचे मला वाईट वाटते.

मागे राहिलेल्या संस्थेत वारशाचे वाद झाले. युरोपात भावांकडे, एकामागून एक, नेतृत्व गेले. अमेरिकेत राबिया मार्टिन यांनी आपली वेगळी वाट धरली आणि ती वाट कुठे पोहोचावी, तर अहमदनगरला. अखेरच्या काळात त्यांनी आपला शिष्यवर्ग मेहेरबाबांच्या स्वाधीन करायचे ठरवले. १९४७ साली त्या गेल्या आणि त्यांच्या उत्तराधिकारी आयव्ही ड्यूस मेहेरबाबांना भेटायला हिंदुस्थानात आल्या. बाबांनी पुढे १९५२ साली त्या अमेरिकी सूफी मंडळाला नवे रूप दिले. पुण्यात जन्मलेले पारशी-इराणी सत्पुरुष, अरणगावचा आश्रम, आणि बडोद्याच्या गवयाने सॅन फ्रान्सिस्कोत लावलेले रोप! मेहेराबादला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांना हा धागा ठाऊक असतो.

दर्ग्यातून परतल्यावर मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका मिळवल्या. परदेशी जाण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी तीसेक ध्वनिमुद्रणे केली होती. अनेक दशके ती विस्मृतीत पडून होती आणि १९९४ साली पुन्हा प्रकाशित झाली. प्रत्येक तुकडा जेमतेम तीन मिनिटांचा आहे. खरखरीच्या पडद्याआडून एक तरुण, भरीव, काहीसा घाईतला आवाज येतो. घाई त्याची की तबकडीची, ते सांगता येत नाही. सत्तावीस वर्षांचा हा गवई पुढे मुर्शिद होणार आहे याची कोणतीही खूण त्यात नाही. तो जागा घेतो, तान फेकतो आणि वेळ संपायच्या आत समेवर येतो.

त्याचा सूर कोणता, हे पाहायला मी पेटी काढून बसलो. त्या काळी तबकड्यांचा वेग एकसारखा ठरलेला नव्हता, त्यामुळे मूळ षड्ज छातीठोकपणे सांगणे अशक्यच. माझ्या पेटीवर तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. दोन्ही पट्ट्यांवर आळीपाळीने बोट ठेवून पाहिले, मग भाता सोडून दिला आणि नुसते ऐकत बसलो.